लाल पट्टीने परिचारिकांचे रक्षण होत नाही : रुग्णालयप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सरकारी, महापालिकांच्या, धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

मी काम करते त्या रुग्णालयात अलीकडे एक परिपत्रक निघाले आहे. ज्या रुग्णाची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा हिपॅटायटिस सी यांपैकी कोणतीही चाचणी 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे संसर्ग दर्शवणारी) येईल, त्याच्या केसपेपरवर आणि खाटेच्या उशाशी लाल पट्टी लावावी, असा त्यातील आदेश आहे. कारण म्हणून 'परिचर्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी' एवढेच लिहिले आहे. मी अधिपरिचारिका आहे आणि माझ्या नोकरीचा बराचसा काळ प्रसूती कक्षात आणि शस्त्रक्रियागृहात गेला आहे. आमच्या सुरक्षिततेचे नाव घेऊन काढलेला हा आदेश आम्हाला सुरक्षित करत नाही, आणि ज्यांची सेवा करण्यासाठी आमची नेमणूक झाली आहे त्यांना तो निश्चितपणे इजा करतो. तो आमच्या नावावर निघालेला असल्यामुळे त्याला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही. अशी पट्टी, असा शिक्का किंवा केसपेपरवर लाल शाईने ओढलेले वर्तुळ अनेक रुग्णालयांत वर्षानुवर्षे चालत आले आहे, हे इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींकडून मला ठाऊक आहे, आणि एका संस्थेचे नाव घेतले की बाकीचे स्वतःला निर्दोष समजतात.

परिचर्या शिकताना आम्हाला काही आकडे पाठ करून घेतलेले असतात. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाच्या रक्ताने माखलेली सुई लस न घेतलेल्या माणसाला टोचली, तर त्याला तो आजार होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत असते. हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ती शंभरात दोन-तीनपर्यंत धरली जाते, नव्या अभ्यासांत त्याहूनही कमी आढळते. आणि एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात सुमारे तीन इतकीच असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, सात दिवस तग धरू शकतो. आपल्या वॉर्डांत भीती मात्र नेमकी याच्या उलट क्रमाने वाटून घेतलेली आहे. एचआयव्हीचे नाव निघाले की हातमोज्यांच्या दोन जोड्या चढतात, आणि हिपॅटायटिस बीच्या रुग्णाचे सलाईन मोज्यांशिवाय काढले जाते. ज्या आजाराचा धोका सर्वांत मोठा आहे, त्याच्यावर चार दशकांपासून परिणामकारक लस उपलब्ध आहे. ती लस आपण आम्हाला पूर्ण दिलीत का, हा माझा पहिला प्रश्न आहे आणि पट्टीचा विषय त्यानंतरचा आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका कंत्राटी सहकारिणीला रात्रपाळीत सुई टोचली. प्रसूतीसाठी आलेली बाई कळांनी अस्वस्थ होती, इंट्राकॅथ (शिरेत सलाईनसाठी घालायची सुई-नळी) लावताना तिने हात झटकला आणि सुई सिस्टरच्या बोटात गेली. ती बाई आडगावाहून थेट आली होती, गरोदरपणात तिची कुठेही नोंदणी झालेली नव्हती, एकही तपासणी झालेली नव्हती. अर्थातच तिच्या केसपेपरवर कोणतीही खूण असण्याचा प्रश्न नव्हता. माझ्या सहकारिणीने शिकवल्याप्रमाणे बोट न दाबता साबण आणि वाहत्या पाण्याने धुतले आणि एचआयव्हीचा संसर्ग टाळणाऱ्या औषधासाठी धावपळ सुरू केली. औषध भांडारात होते, भांडाराला कुलूप होते, किल्ली ज्यांच्याकडे होती ते घरी गेलेले होते आणि ड्युटीवरचे डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकले होते. तिला पहिली गोळी मिळाली तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. ही औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करायची असतात आणि ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग राहत नाही, हे आपणांपैकी कोणालाही सांगण्याची गरज नाही. पुढे २८ दिवस तिने गोळ्या घेतल्या, दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासण्या केल्या, आणि सर्व अहवाल निगेटिव्ह आले. या काळात नवऱ्याशी कसे वागायचे, त्याला काय सांगायचे, घरात कोणाला कळले तर काय, याबद्दल तिच्याशी बोलायला कोणीही नेमलेले नव्हते. तिला कार्यालयात बोलावून एकच गोष्ट विचारण्यात आली : 'काळजी का घेतली नाहीस?'

ही घटना आपल्यासमोर ठेवण्याचे कारण असे की लाल पट्टीची सगळी अपुरी बाजू तीत दिसते. पट्टी त्यालाच लागते ज्याची तपासणी झाली आहे. रात्री अपघात विभागात रक्तबंबाळ येणारा, अडलेली म्हणून रुग्णवाहिकेतून उतरवलेली, ज्याचा अहवाल अजून प्रयोगशाळेतच आहे असा, यांतल्या कोणालाही पट्टी नसते, आणि आमचा रक्ताशी सर्वांत घाईचा संबंध याच माणसांशी येतो. ज्याची तपासणी झाली आणि अहवाल निगेटिव्ह आला, त्याच्याबद्दलही खात्री नसते. संसर्ग झाल्यानंतर काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंतही, प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीर तयार करते ते घटक) शोधणारी चाचणी तो दाखवत नाही, आणि त्याच सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू भरपूर असतात. याउलट ज्याला आपण पट्टी लावतो तो एचआयव्हीचा रुग्ण बहुधा एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार देणाऱ्या केंद्रातून, नियमित गोळ्या घेणारा असतो. उपचारांनी ज्याच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके कमी झाले आहे, त्याच्याकडून लैंगिक संबंधांतूनही संसर्ग होत नाही, हे आता सर्वमान्य आहे, आणि अशा रक्ताची सुई टोचली तरी धोका खूपच घटलेला असतो. म्हणजे ही पट्टी आम्हाला ज्याच्यापासून सर्वांत कमी धोका आहे त्याच्याकडे बोट दाखवते आणि उरलेल्या सगळ्या वॉर्डाबद्दल खोटी निश्चिंती देते. पट्टी नसलेल्या खाटेजवळ हात सैल पडतो, आणि आमच्यातल्या नव्या मुलींना हीच सवय लागताना मी पाहते आहे.

प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गित असू शकते असे धरून प्रत्येकाच्या बाबतीत सारखीच काळजी घ्यायची, हे तत्त्व १९८० च्या दशकापासून जगभर शिकवले जाते. तेच आमच्या अभ्यासक्रमात आहे आणि परीक्षेत आम्ही तेच लिहून उत्तीर्ण झालो आहोत.

आता कायद्याबद्दल. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार एखाद्याची एचआयव्ही चाचणी त्याला नीट समजावून, त्याची संमती घेऊनच करता येते, आणि त्याची स्थिती त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. उपचार करणाऱ्या एका आरोग्य कर्मचाऱ्याने उपचारांत सहभागी असलेल्या दुसऱ्या कर्मचाऱ्याला, गरज असेल तेव्हा, ती सांगण्याची मुभा कायद्यात आहे. म्हणून रुग्णाच्या नोंदींमधून मला त्याची स्थिती कळण्यात काहीच गैर नाही, उलट त्याच्या औषधांसाठी ते आवश्यक आहे. पण खाटेच्या उशाशी लावलेली लाल पट्टी शेजारच्या खाटेवरचा रुग्ण वाचतो, त्याला डबा घेऊन आलेली सून वाचते, गावातून भेटायला आलेले चौघे वाचतात. तिचा अर्थ त्यांना समजत नाही असे कोणी मानत असेल, तर त्याने भेटीच्या वेळी एक तास वॉर्डात उभे राहावे. लाल पट्टी लागलेल्या एका तरुण बाळंतिणीची सासू दुसऱ्या दिवशी बाळाला हात लावेना, आणि त्या बाईला जो आजार होता तो तिच्या सासरच्यांना आमच्या भिंतीने सांगितला होता. पुढचे सगळे तिने एकटीने सोसले.

याच कायद्याने आमच्यासाठीही तरतूद केली आहे आणि तिच्याबद्दल परिपत्रकात एक अक्षरही नाही. कामाच्या ठिकाणी ज्यांचा संसर्गाशी संबंध येऊ शकतो, अशा प्रत्येकाला सुरक्षेची साधने, त्यांच्या वापराचे प्रशिक्षण आणि संपर्कानंतरचे प्रतिबंधक औषध देणे हे संस्थेचे कर्तव्य आहे. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. आमच्याकडे हा अधिकारी कोण आहे, असे मी विचारले तेव्हा तो प्रश्नच नवीन असल्यासारखे माझ्याकडे पाहण्यात आले.

माझ्या पुढील तक्रारी याच कर्तव्याबद्दल आहेत, आणि त्यांत लसीची तक्रार मी सर्वांत वर ठेवते. जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार कचरा हाताळणाऱ्या सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांच्या लसी देणे, त्यांची नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर दरवर्षी आरोग्य तपासणी करणे, आणि दरवर्षी प्रशिक्षण देणे, ही संस्थाप्रमुखाची म्हणजे आपली जबाबदारी आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे. असे असताना कंत्राटी सिस्टरने लसीबद्दल विचारले की 'एजन्सीकडे विचारा' असे उत्तर मिळते आणि एजन्सी 'रुग्णालयाकडे विचारा' म्हणते. नव्या मुलींनी लहानपणीच लस घेतली असेल, असा एक समज कार्यालयांत आहे. तो चुकीचा आहे. बालकांच्या लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २००२ पासून काही मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोहोचायला २०११ उजाडले. आज वॉर्डात उभ्या असलेल्या बहुतेक परिचारिका त्याआधी जन्मलेल्या आहेत. कित्येकींनी नर्सिंग कॉलेजात एक किंवा दोन मात्रा घेतल्या आणि सहाव्या महिन्याची तिसरी मात्रा परीक्षा, बदली, लग्न यांत राहून गेली. पूर्ण लस घेतलेल्यांतही शंभरात पाच ते दहा प्रौढांच्या शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, म्हणून शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासायची असते. ही तपासणी झालेली परिचारिका मला माझ्या विभागात शोधावी लागते.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, हे खरे आहे. पण तो आता साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णवांहून अधिक जणांत बरा होतो, आणि त्याची चाचणी व उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. वेळेत तपासणी झाली तरच याचा उपयोग, आणि वेळेत तपासणी तेव्हाच होते जेव्हा सुई टोचल्याचे सांगायला कर्मचारी घाबरत नाही.

दुसरी तक्रार सुयांच्या डब्यांबद्दल आहे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, असे फलक प्रत्येक भिंतीवर आहेत. तरीही टोपण लावले जाते, कारण सुया टाकायचा पांढरा, टोचून न फाटणारा डबा वॉर्डाच्या एका टोकाला असतो आणि रुग्ण दुसऱ्या टोकाला. रात्री तीस-चाळीस खाटा सांभाळणारी एकटी सिस्टर उघडी सुई हातात धरून वॉर्डभर चालू शकत नाही. डबा तीन चतुर्थांश भरला की बदलायचा असतो. तो काठोकाठ भरून सुया वर डोकावू लागेपर्यंत नवा मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, हे येथे मुद्दाम नोंदवते. घाईत झालेल्या जखमेला निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे.

सुई नेहमी सिस्टरलाच टोचते असेही नाही. आमच्या मावशी, मामा (वॉर्डातले मदतनीस) आणि सफाई कामगार यांना ती न दिसणाऱ्या ठिकाणी टोचते. चादरीच्या घडीत, कचऱ्याच्या लाल पिशवीत, ओल्या फरशीवर. त्यांची जखम कोणत्याही रजिस्टरमध्ये येत नाही, कारण असे रजिस्टर असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्यांना पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे मिळतात, जाड रबरी मोजे आणि बंद बूट मिळत नाहीत. त्यांच्या लसीची चौकशी तर कोणी करतच नाही.

प्रसूती विभागाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण तिथे आमच्या हातून संसर्ग थांबवता येतो आणि पट्टी नेमका तोच मार्ग अडवते. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या झाल्या, तर तिन्ही आजार बाळाकडे जाणे मोठ्या प्रमाणात टाळता येते. एचआयव्ही असलेल्या आईला उपचार आणि बाळाला जन्मानंतर प्रतिबंधक औषध, सिफिलिस असलेल्या आईला पेनिसिलिन, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला पहिल्या २४ तासांत लसीची मात्रा व शक्यतो १२ तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), एवढे सारे आज उपलब्ध आहे. यांतले बरेचसे काम परिचारिकाच करतात. पण या सगळ्याची पहिली पायरी म्हणजे त्या बाईने आम्हाला खरे सांगणे. एका बाईला पट्टी लागल्याचे तिच्या गावात कळले की त्या गावातल्या पुढच्या बाया तपासणीला येत नाहीत, आल्या तर आधीचा अहवाल लपवतात, आणि कळा सुरू झाल्यावर अशा ठिकाणी जातात जिथे कोणी काही विचारणार नाही. गुप्तरोगांच्या तपासणीचेही तेच होते. अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेली बाई पडदा नसलेल्या कोपऱ्यात, रांगेतल्या इतरांच्या कानावर जाईल अशा आवाजात प्रश्न विचारले गेले, तर औषध न घेताच निघून जाते. नवऱ्याला उपचारांसाठी आणणे ही तर फार पुढची गोष्ट. आणि रुग्णालयाचा धसका घेतलेली माणसे जिथे जातात, तिथे एकच सिरिंज अनेकांना वापरली गेल्यास काय होते, हे २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात पसरलेल्या हिपॅटायटिस बीच्या साथीने सर्वांना दाखवले आहे.

खासगी रुग्णालयांच्या चालकांना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायची आहे. अहवाल रिॲक्टिव्ह आल्यावर 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून रुग्णाला जिल्ह्याला पाठवणे, किंवा वेगळ्या किटच्या नावाखाली त्याच्या नातेवाइकांकडून जादा पैसे घेणे, हे दोन्ही थांबवावे. गाऊन, मोजे आणि चष्मा हे प्रत्येक प्रसूतीत आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत लागणारे सामान आहे. एचआयव्हीच्या कारणाने उपचार नाकारणे किंवा उपचारांत वेगळी वागणूक देणे याला कायद्याने मनाई आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. खाटेवर, केसपेपरच्या बाहेरच्या बाजूस, शस्त्रक्रियेच्या यादीवर किंवा फलकावर कोणतीही लाल पट्टी, शिक्का वा खूण लावण्याचा आदेश लेखी मागे घ्यावा आणि लावलेल्या खुणा काढाव्यात. संसर्ग आहे एवढ्याच कारणासाठी शस्त्रक्रिया यादीच्या शेवटी ढकलण्याची पद्धतही बंद करावी.

२. कायम, कंत्राटी, शिकाऊ अशा सर्व परिचारिका, प्रयोगशाळा कर्मचारी, मावशी, मामा आणि सफाई कामगार यांना हिपॅटायटिस बी लसीच्या तिन्ही मात्रा रुग्णालयाने स्वतः द्याव्यात, प्रतिपिंडांची तपासणी करावी आणि त्याची नोंद प्रत्येकाच्या हाती द्यावी. हा खर्च एजन्सीवर ढकलू नये.

३. एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची पहिली मात्रा अपघात विभागात आणि प्रसूती कक्षात चोवीस तास, ड्युटीवरच्या सिस्टरच्या ताब्यात असावी. सुई टोचल्यावर कोणाला फोन करायचा, त्याचे नाव आणि क्रमांक प्रत्येक पाळीसाठी भिंतीवर लिहिलेले असावे. हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन कोठून मिळेल, हेही तिथेच लिहावे.

४. सुई टोचल्याची नोंद करणाऱ्याला खुलासा मागू नये. त्याची तपासणी, समुपदेशन आणि सहा महिन्यांपर्यंतचा पाठपुरावा गुप्तता राखून व्हावा.

५. सुया टाकायचे डबे हाताच्या अंतरावर, प्रत्येक ड्रेसिंग ट्रॉलीवर असावेत.

६. तक्रार अधिकाऱ्याची नेमणूक करून त्याचे नाव दर्शनी भागात लावावे.

७. गुप्तरोग आणि एचआयव्ही यांबाबत रुग्णाशी बोलण्यासाठी बंद दार असलेली खोली द्यावी.

दरवर्षी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आपल्या आवारात फेरी निघते, लाल फीत छातीला लावली जाते आणि आम्हाला रांगोळी काढायला सांगितले जाते. या वर्षीच्या त्या दिवसापूर्वी पहिली आणि तिसरी मागणी पूर्ण व्हावी. या दोन्हींसाठी वेगळ्या निधीची गरज नाही. लसीकरणाची पहिली मात्रा त्याच महिन्यात सुरू झाली, तर तिसरी पुढच्या जूनपर्यंत पूर्ण होते.

माझ्या विभागात मी कोणत्याही खाटेला पट्टी लावणार नाही, आणि तसे मी माझ्या परिसेविकांना आणि अधिसेविकांना लेखी कळवले आहे. तक्रार अधिकारी नेमला गेल्यास माझी पहिली तक्रार त्याच्याकडे जाईल. न नेमला गेल्यास ती कायद्यातील तरतुदीप्रमाणे राज्याच्या एचआयव्ही लोकपालांकडे पाठवीन. आपले उत्तर लेखी मिळावे, ही विनंती.

आपली,
एक अधिपरिचारिका